तंजावरच्या हिवाळ्यात घुबडे पाहायला जाताना

उत्तर आशियातल्या गवताळ रानांवर बर्फ साचू लागला की आखूड कानांचे घुबड दक्षिणेकडे निघते. ऑक्टोबरपासून ते भारतात दिसू लागते आणि मार्चच्या सुमारास परत फिरते. झाडाच्या ढोलीत न राहता ते जमिनीवर, गवताच्या आडोशाला बसते आणि पुरता अंधार पडण्याआधीच शिकारीला उठते. त्यामुळे इतर घुबडांच्या मानाने ते उजेडात नीट पाहता येते. त्यासाठी दर हिवाळ्यात पक्षिप्रेमी कच्छच्या रणात, सौराष्ट्रातल्या वेळावदरला आणि पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर जातात.

हा लेख तंजावरला जाणाऱ्या वाचकांसाठी आहे. नाताळची सुटी, पोंगल, तिरुवैयारूचा त्यागराज आराधना उत्सव अशा निमित्तांनी अनेक मराठी कुटुंबे हिवाळ्यात तिकडे जातात. बृहदीश्वराचे देऊळ, भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय पाहून होते आणि संध्याकाळ मोकळी उरते. त्यातल्या तीन-चार संध्याकाळी शेताच्या कडेला काढल्या, तर देशी घुबडांच्या दोन-तीन जाती दिसू शकतात आणि उत्तरेच्या पाहुण्याशी गाठ पडण्याची शक्यताही राहते. दक्षिणेकडे जावे तसा हा पाहुणा विरळ होत जातो. तमिळनाडूत तो क्वचितच दिसतो, हे धरूनच निघा. त्याच्या दर्शनाची जास्त शक्यता हवी असेल तर वेळावदर किंवा कच्छ गाठावे. तंजावरला जायचे ते कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले घुबडांचे सगळे जग पाहण्यासाठी.

त्यासाठी एकच सूत्र लक्षात ठेवा. घुबड शोधायचे तर आधी उंदीर कुठे आहेत ते पाहा, आणि उंदीर शोधायचे तर पिकाचे वेळापत्रक पाहा. पुढची सगळी माहिती या सूत्राभोवतीच आहे.

उंदीर, भात आणि घुबड

आखूड कानांच्या घुबडाचे आयुष्य उत्तरेतही उंदरांवरच चालते. तिकडच्या रानउंदरांची आणि लेमिंगांची संख्या काही वर्षांच्या अंतराने एकदम वाढते आणि पुन्हा कोसळते. ज्या वर्षी खाद्य भरपूर असते त्या वर्षी मादी जास्त अंडी घालते. खाद्य तुटले की पक्षी तो मुलूख सोडून दुसरीकडे जातात. म्हणून त्यांचे हिवाळी आगमन दरवर्षी सारखे नसते. एखाद्या हिवाळ्यात एका माळावर पाच-सहा पक्षी एकत्र उठताना दिसतात आणि पुढच्या वर्षी तोच माळ रिकामा असतो.

कावेरीच्या खोऱ्यात उंदरांचे गणित भातावर अवलंबून आहे. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. पाऊस आणि धरणातला साठा पाहून या तारखा पुढेमागे होतात. या पाण्यावर आधी कुरुवै, मग सांबा आणि तालडी अशी भाताची पिके निघतात. सांबा हे लांब मुदतीचे मोठे पीक. ते पोंगलच्या आसपास कापणीला येते. शेते पाण्याने भरलेली असतात तेव्हा उंदीर बांधांतल्या बिळांत कोंडलेले असतात. पाणी ओसरते, दाणा भरतो आणि कापणी सुरू होते, तेव्हा ते उघड्यावर येतात. कापणीनंतर त्याच ओलीवर उडीद-मूग घेतात, म्हणजे जमीन बुटकी आणि मोकळी राहते. घुबडाला वरून उंदीर दिसण्यासाठी आणि तुम्हाला घुबड दिसण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

तंजावरच्या शेतकऱ्याला उंदराचा हा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बांबूच्या धनुष्याचा ताण वापरून उंदीर पकडणारा ‘तंजावर किट्टी’ नावाचा सापळा याच भागातला. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत भातशेतात घुबडांना बसण्यासाठी खांब रोवण्याचाही उपाय आहे. खांबावर बसून घुबड रात्री बांधावर नजर ठेवते. मयिलाडुतुरैजवळच्या मण्णम्पंदल येथील ए. व्ही. सी. महाविद्यालयातल्या संशोधकांनी या भागातल्या गव्हाणी घुबडांनी ओकून टाकलेल्या गोळ्या तपासून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्या गोळ्यांत शेतातल्या उंदरांची हाडे आणि कवट्या सापडतात. तंजावर जिल्ह्यात आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. भाताचा अभ्यास करणाऱ्यांना उंदराचा अभ्यास करावा लागतो, आणि उंदराचा अभ्यास त्यांना घुबडापर्यंत घेऊन जातो.

कधी जावे

महाराष्ट्रातला हिवाळा कोरडा असतो, तंजावरचा तसा नाही. तिकडे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि नोव्हेंबरमध्ये तर चक्रीवादळाचीही भीती असते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. नागपट्टणम, तिरुवारूर, तंजावर, पुदुकोट्टै या जिल्ह्यांत नारळाच्या बागांचे आणि जुन्या झाडांचे मोठे नुकसान झाले. जुने झाड पडते तेव्हा त्याच्या ढोलीतल्या घुबडाचे घरही जाते.

म्हणून दिवाळीच्या सुटीत घुबडांसाठी जाऊ नका. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ. पाऊस संपलेला असतो, कापणी चालू किंवा नुकतीच झालेली असते आणि उत्तरेचे पाहुणे अजून परतलेले नसतात. पोंगलचे चार दिवस मात्र टाळा. गाड्या भरलेल्या असतात आणि गावोगाव रस्त्यांवर गर्दी असते. पौष वद्य पंचमीच्या आसपास तिरुवैयारूत त्यागराज आराधनेसाठी देशभरातून गायक आणि रसिक जमतात. तेव्हा तंजावरात खोली मिळणे कठीण होते. उत्सव आणि घुबडे दोन्ही साधायची असतील, तर राहण्याची सोय काही महिने आधी करा.

अमावास्या-पौर्णिमेची काळजी नको. तुमचे पाहणे मुख्यतः तिन्हीसांजेच्या उजेडात होणार आहे. वारा मात्र पाहा. वारा जोरात असेल तर घुबडाला गवतातली खसफस नीट ऐकू येत नाही आणि तुम्हालाही त्याचा आवाज येत नाही. वारा पडलेली, कोरडी संध्याकाळ निवडा.

कसे पोचावे

तंजावरला सर्वांत जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, सुमारे ६० किलोमीटरवर. मुंबई-पुण्याहून रेल्वेने जाणाऱ्यांनी चेन्नईला उतरून पुढे तंजावरची गाडी घ्यावी. तिचा रात्रीचा प्रवास सोयीचा पडतो. तंजावरात फिरण्यासाठी स्थानिक चालकासह गाडी ठरवा. चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की संध्याकाळी रस्त्याच्या कडेला दीड-दोन तास थांबायचे आहे, इंजिन आणि दिवे बंद ठेवायचे आहेत. हे आधी ठरले नाही तर ऐन वेळी परतण्याची घाई होते.

चार तमिळ शब्द पाठ करा. घुबडाला ‘आंदै’ म्हणतात, मोठ्या घुबडाला ‘कोट्टान’, उंदराला ‘एली’ आणि शेताला ‘वयल’. बांधावरच्या शेतकऱ्याला नमस्कार करून ‘आंदै’ एवढे विचारले तरी तो हाताने झाड दाखवतो. तंजावरात मराठी नातेवाईक किंवा ओळखीचे घर असेल तर त्यांना बरोबर घ्या. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत चाललेल्या भोसल्यांच्या राज्यात जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांच्या वंशजांना घरात मराठी आणि बाहेर तमिळ अशा दोन्ही भाषा येतात. त्यांच्यासोबत गेल्यास गावात अनोळखी म्हणून तुमच्याकडे कुणी पाहत नाही, आणि शेतकऱ्याशी बोलणेही मनमोकळे होते.

कुठे पाहावे

तंजावर शहर: सुरुवात इथूनच करा. राजवाड्याचा परिसर, जुन्या रस्त्यांवरचे वड-पिंपळ, देवळांभोवतीचा झाडोरा या पिंगळ्याच्या जागा आहेत. मावळतीला तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि ‘चिर्रर्र चिवीक’ असा कलकलाट करतो. जुन्या दगडी इमारती, गोपुरे, धान्याची कोठारे ही गव्हाणी घुबडाची घरे. देवळाच्या आवारात दुर्बीण वापरण्याआधी तिथल्या रखवालदाराला विचारा आणि पूजेच्या वेळी कॅमेरा पिशवीतच ठेवा. दिवसा सरस्वती महालात अवश्य जा. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांना वैद्यक आणि निसर्गविज्ञानाची मनापासून आवड होती. त्यांनी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. पक्षी नीट पाहावा, त्याची पिसे आणि चोच नोंदवावी, ही शिस्त मराठी राजाच्या दरबारात दोनशे वर्षांपूर्वी होती, हे पाहून तुमचे पुढचे दिवस जास्त अर्थपूर्ण होतील.

शेतशिवार: शहराबाहेर मन्नारगुडीकडे किंवा तिरुवैयारूकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भातशेते पसरलेली आहेत. कापणी झालेले शेत, मधे बसण्याजोगे खांब किंवा ताडाची झाडे, जवळ एखादा जुना कालवा अशी जागा दिवसा उजेडी निवडून ठेवा. ताडाच्या सुकलेल्या झावळ्यांच्या आड आणि पोकळ खोडांत घुबडे दडून बसतात. झाडाखाली पांढरा शिंतोडा किंवा काळसर, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या तर जागा पक्की समजा. संध्याकाळी तिथे परत या.

वडुवूर: तंजावरहून सुमारे २५ किलोमीटरवर, तिरुवारूर जिल्ह्यातले हे तलावाचे अभयारण्य. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सकाळी बदके, करकोचे, आयबिस, पाणकावळे पाहावेत. घुबडासाठी तलावाच्या काठचा झाडोरा आणि आजूबाजूची शेते संध्याकाळी पाहावीत.

करैवेट्टी: कोल्लिडम नदीपलीकडे अरियलूर जिल्ह्यात. २०२४ मध्ये हेही रामसर स्थळ झाले. कालव्याच्या पाण्याने भरणाऱ्या या मोठ्या तळ्यावर हिमालयापलीकडून पट्टेरी डोक्याचे हंस येतात. एकाच दिवसात उत्तरेकडून आलेले हंस आणि गावातला पिंगळा दोन्ही पाहायचे असतील तर इथे या.

कोडिक्करै: इंग्रजांनी पॉइंट कॅलिमियर म्हटलेले हे टोक नागपट्टणम जिल्ह्यात, वेदारण्यमपासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. तंजावरहून पोचायला तीन तास धरा. तिरुतुरैपूंडी ते अगस्तियमपल्ली हा रेल्वेमार्ग २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. पण वेळेच्या दृष्टीने गाडीच बरी. १९६७ मध्ये इथे अभयारण्य झाले आणि २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम अनेक वर्षे केले. त्यामुळे सायबेरिया आणि दक्षिण भारत यांना जोडणाऱ्या पक्ष्यांच्या वाटा समजल्या. इथे कोरडे सदाहरित जंगल, काळविटांची गवताळ मैदाने, मिठागरे आणि चिखलाची विस्तीर्ण पटांगणे आहेत. जमिनीवर बसणाऱ्या घुबडाला जी मोकळी जागा लागते ती या भागात इथेच सर्वांत जास्त आहे. उत्तरेच्या घुबडासाठी तुमच्या हातात एकच संध्याकाळ असेल तर ती इथे घालवा.

शोध कसा घ्यावा

आखूड कानांच्या घुबडाचा पत्ता भोवत्या देतो. दलदली भोवत्या, पांढुरका भोवत्या, माँटेग्यूचा भोवत्या हे शिकारी पक्षीही हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात. दिवसा ते गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतात आणि संध्याकाळी गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात. भोवत्या दिवसा ज्या रानात शिकार करतो, तेच रान हे घुबड तिन्हीसांजेला वापरते. म्हणून दुपारी भोवत्या कुठे फिरतात ते पाहून ठेवा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी त्या जागेच्या कडेला जाऊन थांबा. जानेवारीत तंजावरकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाच वाजता जागेवर हवे.

थांबताना सूर्य पाठीशी घ्या. एका जागी बसा. दुर्बीण सतत डोळ्यांना लावू नका. आधी उघड्या डोळ्यांनी क्षितिज हळूहळू न्याहाळा, हालचाल दिसली की दुर्बीण उचला. आखूड कानांचे घुबड हिवाळ्यात जवळजवळ मुके असते, त्यामुळे आवाजाची वाट पाहू नका. त्याचे उडणे ओळखा. पंख लांब, उडणे मंद आणि हलके, मोठा पतंग भिरभिरावा तसे. मधेच ते वळते, क्षणभर थबकते आणि गवतात पडते.

पहाटेही हीच पद्धत वापरा. उजाडण्याआधी अर्धा तास पोचा. पहाटेचा एक फायदा आहे: शेतावर माणसांची वर्दळ कमी असते आणि घुबड पोट भरून बांधावर बसलेले सापडू शकते.

ओळख पटवताना

पाच घुबडे लक्षात ठेवली तर बहुतेक गोंधळ संपतो.

गव्हाणी घुबड: चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा, डोळे काळे, अंग खालून पांढरे. रात्री गाडीच्या दिव्यात पांढरे भूत उडाल्यासारखे वाटते ते हेच. आवाज कर्कश, फिसकारल्यासारखा.

पिंगळा: मुठीएवढा, करड्या अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. दिवसाही दिसतो, जोडीने राहतो, माणसाकडे पाहून डोके वर-खाली करतो.

शिंगळा घुबड: पिंगळ्याच्या आकाराचा, पण डोक्यावर कानांसारखे पिसांचे तुरे. दिवसा झाडाच्या सालीसारखा रंग घेऊन खोडाला चिकटून बसतो. रात्री ठरावीक अंतराने एकच सौम्य हुंकार देतो.

शृंगी घुबड: मोठे, तांबूस तपकिरी, ठसठशीत शिंगे, नारिंगी डोळे. कातळ, खाणी, ओढ्याकाठचे कडे त्याला आवडतात. सपाट भातशेतात ते कमी दिसते, खडकाळ भागात जास्त. आवाज खोल आणि लांबवर जाणारा ‘बू-बो’.

आखूड कानांचे घुबड: कावळ्याच्या अंगलटीचे, पण पंख लांबलचक. छातीवर गडद रेघा, पोट फिके, पिवळ्या डोळ्यांभोवती काजळासारखी काळी कडा. उडताना पंखाच्या खालच्या बाजूला मनगटाजवळ गडद डाग दिसतो. कानांचे तुरे इतके लहान की बहुतेक वेळा दिसतच नाहीत. तुरे शोधत बसू नका. डोळ्यांची काळी कडा आणि उडण्याची लकब पाहा.

मोकळ्या शेतावर अंधारात गव्हाणी घुबड आणि आखूड कानांचे घुबड यांची गल्लत होते. खालून सगळे पांढरे दिसले तर गव्हाणी. पंखावर गडद डाग आणि छातीवर रेघा दिसल्या तर पाहुणा. शंका असेल तर वहीत शंका म्हणूनच नोंदवा. क्वचित दिसणाऱ्या पक्ष्याची चुकीची नोंद पुढच्या अभ्यासकाला चकवते.

बरोबर काय घ्यावे

आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण संध्याकाळच्या अंधुक उजेडासाठी चांगली. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हातात हलते आणि उजेडही कमी घेते. स्वेटर लागत नाही. तंजावरचा जानेवारी पुण्यासारखा थंड नसतो. पहाटे दव पडते, त्यासाठी पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा पुरे. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घाला. डासांसाठी मलम अंगाला लावा.

पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच. भातशेतात उंदीर असतात तिथे नाग आणि घोणसही असतात. बांधावरून चालताना काठी आपटत चला, बिळात हात घालू नका, गवताच्या पेंढ्यांवर बसू नका. कुणाला साप चावलाच तर जखम चिरणे, बांधणे, चोखणे यांत वेळ न घालवता, त्या माणसाला चालू न देता, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. तंजावर आणि नागपट्टणम या जिल्ह्याच्या ठिकाणी असे रुग्णालय आहे.

शेत खासगी असते. आत पाऊल टाकण्याआधी परवानगी घ्या आणि उभ्या पिकातून कधीच जाऊ नका. अभयारण्यात वनखात्याच्या प्रवेशाच्या वेळा पाळा, रात्री आत थांबू नका, वाटाड्या मिळत असेल तर घ्या.

काय करू नये

घुबडाचा मुद्रित आवाज मोबाईलवर वाजवू नका. त्याला वाटते आपल्या हद्दीत दुसरे घुबड शिरले. शिकार सोडून ते शोधत फिरते. लांबून आलेल्या पाहुण्याला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते आणि वाया गेलेली प्रत्येक फेरी त्याला महाग पडते.

डोळ्यांवर विजेरी किंवा फ्लॅश मारू नका. विजेरी पायाखालच्या वाटेसाठी आहे. ढोली किंवा घरटे सापडले तर लांबून पाहा आणि काही मिनिटांत निघा. शृंगी घुबड हिवाळ्यातच विणीला येते, पिंगळ्याची वीण हिवाळ्याच्या शेवटी सुरू होते. घरट्याजवळ माणसे घुटमळली की अंडी उघडी राहतात आणि कावळे तिथे येतात. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. जमिनीवर बसलेले आखूड कानांचे घुबड उडावे म्हणून गवतात चालत जाऊ नका. एकदा उठवले की ते दिवसभर कावळ्या-घारींच्या त्रासात सापडते.

उत्तर अमेरिकेत आणि युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांनाही हेच सांगायचे आहे. मिनेसोटातल्या सॅक्स-झिम बॉगला मोठे राखी घुबड पाहायला हिवाळ्यात लोक येतात. काही ठिकाणी छायाचित्रासाठी घुबडाला पाळीव उंदीर टाकतात; त्यामुळे पक्षी रस्त्याकडे ओढला जातो आणि गाडीखाली सापडतो. अशा सहलीत सहभागी होऊ नका. सर्बियातल्या किकिंदा गावाचे उदाहरण अनुकरणीय आहे. हिवाळ्यात तिथल्या मुख्य चौकातल्या झाडांवर लांब कानांची शेकडो घुबडे दिवसा विसावतात आणि रात्री भोवतालच्या धान्याच्या शेतांत उंदीर मारतात. गावाने त्यांना हाकलले नाही, उलट नोव्हेंबर महिना त्यांच्या नावाने साजरा केला. धान्याचे शेत, उंदीर आणि घुबड हे नाते किकिंदाला जसे आहे तसेच ते तंजावरला आहे.

गावात बोलताना

घुबडाविषयीची भीती महाराष्ट्रात आहे तशी तमिळनाडूतही आहे. घरावर घुबड ओरडले की अपशकुन, असे दोन्हीकडे मानतात. काळ्या जादूसाठी आणि दिवाळीच्या सुमारास बळी देण्यासाठी देशात घुबडांचा चोरटा व्यापार चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. कुणी घुबड विकायला काढले तर ते सोडवण्यासाठी विकत घेऊ नका. त्याने धंद्यालाच बळ मिळते. वनखात्याला कळवा.

गावात भाषण देऊ नका, उंदरांविषयी बोला. शेतकऱ्याला उंदराचा त्रास रोजचा आहे आणि घुबड त्यात त्याच्या बाजूने आहे. झाडाखाली पडलेली एक गोळी कागदावर घेऊन काडीने उकला आणि आतली कवटी, दात, हाडे दाखवा. बघणाऱ्या मुलांना हे समजायला कुठल्याच भाषेची गरज लागत नाही. गोळी उकलल्यावर हात साबणाने धुवायला विसरू नका. उंदरांसाठी विष टाकले की विष खाल्लेला मंद उंदीर घुबडाच्या तोंडी जातो आणि घुबडही मरते, हेही सांगा. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा उत्सव भरवला. शाळकरी मुलांनी चित्रे, नाटुकली, कविता यांतून घुबडाची बाजू मांडली. तुमच्या गावात असे काही करायचे असेल तर हे उदाहरण समोर ठेवा.

चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: सकाळी सरस्वती महाल आणि राजवाडा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी शहरातले पिंगळे. रात्री लवकर झोपा.

दुसरा दिवस: पहाटे वडुवूर. परतताना शेतांच्या कडेने थांबत खांब, ताडाची झाडे, गोळ्या पाहून जागा ठरवा. संध्याकाळी त्याच जागेवर गव्हाणी घुबडाची वाट पाहा.

तिसरा दिवस: सकाळी निघून वेदारण्यमला मुक्काम. दुपारी कोडिक्करैला काळवीट आणि भोवत्या पाहा. संध्याकाळी पाच ते सात मोकळ्या रानाच्या कडेला.

चौथा दिवस: पहाटे पुन्हा तीच जागा, मग मिठागरांवर रोहित पक्षी आणि चिखलावरचे तुतवार. दुपारी परत. एक दिवस जास्त असेल तर करैवेट्टी घ्या, किंवा दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवानंतर समुद्रकाठी उभारलेला मनोरा पाहून या.

मुले बरोबर असतील तर प्रत्येकाला एक काम द्या: एकाने वेळ लिहायची, एकाने आवाज ऐकायचे, एकाने वारा आणि ढग नोंदवायचे. काम असले की मुले दोन तास शांत बसतात. परतल्यावर नोंदी ई-बर्डसारख्या सार्वजनिक ठिकाणी भरा; संवेदनशील जागा गावाच्या पातळीवरच सांगा. घुबड न दिसलेली संध्याकाळही नोंदवा. कोणत्या हिवाळ्यात, कोणत्या शेतावर, कापणीनंतर किती दिवसांनी कोण दिसले आणि कोण दिसले नाही, अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या तरच उत्तरेचा हा पाहुणा कावेरीकाठी केव्हा आणि का येतो हे कळेल. तंजावरला दरवर्षी जाणारी आणि तिथेच राहणारी मराठी घरे हे काम सहज करू शकतात. या हिवाळ्यापासून सुरुवात करा.